माझीच नोटीस, माझ्याच अक्षरात

पगार गोव्याचा आणि भाडं महाराष्ट्राचं, हा हिशोब कागदावर फार सुंदर दिसतो. दोडामार्गात त्या हिशोबावर जगणारी पुष्कळ माणसं आहेत. सकाळी डबा घेऊन दुचाकीने हद्द ओलांडायची, दिवसभर गोव्यात राबायचं आणि संध्याकाळी झोपायला महाराष्ट्रात यायचं. मी त्यांतलाच एक. मूळचा चंदगडचा, म्हणजे तिलारीचा घाट चढून गेलं की वरच्या अंगाचा. गोव्यातल्या एका औद्योगिक वसाहतीत स्टोअरकीपरची नोकरी लागली, डिचोलीत आणि म्हापशात खोल्यांची भाडी ऐकली आणि गाडी मागे वळवली ती थेट दोडामार्गातल्या एका काकींच्या दारात येऊन थांबली.

काकींच्या घरामागच्या दोन खोल्या मला साडेतीन हजारांत मिळाल्या. करार नाही, अनामत नाही, पावती नाही. "म्हयन्याच्या पाच तारखेक दी, काय?" एवढं काकी म्हणाल्या, मी मान हलवली आणि करारनामा पूर्ण झाला.

पुढे आमच्या कंपनीने पगार लांबवायला सुरुवात केली. पगार एका राज्यात अडकला की भाडं दुसऱ्या राज्यात थकतं. पहिल्या महिन्यात मी काकींना खरं कारण सांगितलं. दुसऱ्या महिन्यात तेच कारण सांगायची लाज वाटली, म्हणून मी कायदा वाचायला घेतला. पैसे असलेला भाडेकरू पेपर वाचतो. अधिनियम वाचायची पाळी आमच्यासारख्यांवर येते.

मोबाइलवर मला महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ सापडला. आमचा दोडामार्ग तालुकाही सावंतवाडीतून वेगळा निघाला तो १९९९ सालीच, त्यामुळे हा कायदा आपल्याचसाठी जन्मला अशी माझी खात्री पटली. पंधराव्या कलमाशी आलो आणि अंथरुणात उठून बसलो. भाडेकरू कायदेशीर भाडं देत असेल किंवा द्यायला तयार असेल, तोवर मालकाला ताबा मागता येत नाही. भाडं थकलं तरी मालकाने उठून थेट कोर्टात जायचं नाही. आधी लेखी मागणीची नोटीस द्यायची, ती बजावली गेल्यापासून ९० दिवस थांबायचं, मगच दावा. बरं, दावा लागला तरी समन्स मिळाल्यापासून आणखी ९० दिवसांत थकलेलं भाडं द.सा.द.शे. १५ टक्के सरळ व्याजासकट आणि खर्चासकट कोर्टात भरलं आणि पुढेही निकालापर्यंत भरत राहिलं, तर त्या कारणावरून घराबाहेर काढण्याचा हुकूम होत नाही. १९४७ च्या जुन्या मुंबई कायद्यात नोटिशीची मुदत एकच महिना होती. म्हणजे माझ्यासारख्यांसाठी सरकारने ती चक्क तिप्पट केली. सरकारबद्दल इतकं प्रेम मला त्याआधी कधी वाटलं नव्हतं.

हे ज्ञान पोटात ठेवायचं होतं. पण दुसऱ्याच दिवशी काकी पडवीत फणसाच्या आठळ्या निवडत बसल्या होत्या आणि मी समोर उभा राहून पंधरावं कलम पोटकलमांसकट सांगितलं. माझा हेतू त्यांना दबकवण्याचा होता हे इथे नोंदवतो. काकींनी आठळ्या निवडायचं न थांबवता सगळं ऐकलं. शेवटी एकच विचारलं.

"म्हणजे आदी नोटीस दिवची लागता?"

"लेखी," मी ठणकावलं.

"बरां," काकी म्हणाल्या.

त्या "बरां"मध्ये काय होतं ते कळायला मला थोडा वेळ लागला. मधल्या काळात मी आणखी एक पराक्रम केला. पावसाळा नुकताच लागला होता. एका रात्री माझ्या खोल्यांतली वीज गेली. मी अंधारात मोबाइल उघडला आणि २९ वं कलम काढलं : मालकाने पाणी, वीज यांसारखी आवश्यक सेवा सबळ कारणाशिवाय तोडता कामा नये. अंगात वीरश्री संचारली. "प्रति, मालकीण" असा मायना घालून मेणबत्तीच्या उजेडात मी एक निषेधपत्र लिहिलं. भाडेकरूला हुसकावण्याचा हा कुटिल डाव आहे, सबब चोवीस तासांत वीजपुरवठा पूर्ववत करावा, वगैरे वगैरे. छत्री घेऊन पुढच्या दारी गेलो. काकी दारातच काळोखात बसल्या होत्या. शेजारचं घर काळोखात, रस्ता काळोखात, बाजारपेठ काळोखात. अख्खं कसई-दोडामार्ग काळोखात.

"लाइट माज्या हातात असती तर मी हय काळोखात कित्याक बसलंय असतंय?" काकी म्हणाल्या. कागद त्यांनी ठेवून घेतला. दुसऱ्या दिवशी त्यावर सुंगटं वाळत घातलेली दिसली.

आता माझ्या लेखनकीर्तीबद्दल सांगणं भाग आहे, कारण पुढचा सगळा घोळ तिनेच केला. २००२ च्या सुमाराला कर्नाटकातून रानटी हत्ती तिलारीच्या खोऱ्यात उतरले आणि त्यांना हा मुलूख मानवला. केळी, माड, बांबू, काय हवं ते आयतं. तेव्हापासून या तालुक्यात हत्तीच्या नुकसानीचा अर्ज हा एक स्वतंत्र साहित्यप्रकार झाला आहे. काकींच्या भावोजींची केळीची बाग एका रात्रीत आडवी झाली तेव्हा वनखात्याला द्यायचा अर्ज मी लिहून दिला. नुकसान किती, कोणत्या गटात, पंचनाम्याची विनंती, सगळं मुद्देसूद. वर "सदर वन्यप्राण्याने" अशी भारदस्त सुरुवात. अर्ज मंजूर झाला. तो पंचनाम्यामुळे झाला की माझ्या भाषेमुळे, याची चौकशी मी केली नाही. पण आजूबाजूच्या वाड्यांत नाव झालं. रेशनकार्ड, सातबाराची दुरुस्ती, पाण्याची लाइन, काहीही असो, लोक कोरा कागद घेऊन माझ्याकडे येऊ लागले.

एका रविवारी काकीही आल्या. हातात दुरेघी वहीचा कागद, शेजारच्या मुलाची असावी.

"तू हत्तीचो अर्ज लिवलंस तो मंजूर झालो मा? मगे माका एक नोटीस लिवन दी."

"कोणाला?"

"तुकाच. दुसरो कोण हा माज्या घरात?"

इथे कोणीही शहाण्या माणसाने हात जोडले असते. पण काकींनी पुढचं वाक्य टाकलं, "तुज्यासारखा कोणाक जमाचा नाय," आणि मी पेनाचं टोपण काढलं.

लिहायला बसलो आणि विषय अंगात भिनला. "मी आपणांस या नोटिशीद्वारे कळविते की" इथून सुरू झालो ते थांबेना. प्रतिवादीचा, म्हणजे माझा, निष्काळजीपणा एका परिच्छेदात मांडला. "वारंवार तोंडी मागणी करूनही आपण केवळ कायद्याची कलमे ऐकवून टाळाटाळ केली" हे वाक्य माझ्या आजवरच्या लेखनातलं सर्वोत्तम आहे. थकबाकीचे सात हजार अंकी आणि अक्षरी लिहिले. काकी फक्त भाड्याबद्दल बोलल्या होत्या. सबमीटरचं दोन महिन्यांचं बिल त्या साफ विसरल्या होत्या. मसुदा अपुरा राहू नये म्हणून तेही मीच घातलं. वाचून दाखवलं. काकी खूश झाल्या, पण समाधान पूर्ण नव्हतं.

"वायच कडक कर."

मी कडक केलं. "अन्यथा आपल्याविरुद्ध ताबा मिळण्याकामी दावा दाखल करण्यात येईल व होणाऱ्या खर्चास आपण सर्वस्वी जबाबदार राहाल."

"आता बरां झाला. माजे ढोपर दुखतत, पोस्टात तूच टाकून ये. रजिस्टर हां."

पोस्टात गेलो. पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा पत्ता एकच पाहून खिडकीवरच्या माणसाने माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं. "हातात दिला तर चालाचा नाय?" त्याने विचारलं. मी त्याला बजावणी, पोच आणि पुरावा यांवर एक छोटं व्याख्यान दिलं. मागे रांग वाढली. टपालखर्च माझाच, कारण काकींकडे सुटे नव्हते. सुटे का नव्हते हे विचारायची माझी प्राज्ञा नव्हती.

नोटीस आली तेव्हा क्षणभर मनात आलं, घेऊच नये. पण तेही वाचून झालं होतं. बरोबर पत्त्यावर, पुरं तिकीट लावून रजिस्टरने पाठवलेलं पत्र पोचलं असं कायदा गृहीत धरतो आणि पोस्टमनने "घेण्यास नकार" असा शेरा मारला तर ते बहुधा माझ्याच अंगावर शेकणार. शिवाय पोस्टमन अंगणात उभा होता, काकी दारात उभ्या होत्या आणि पाकिटावरचं अक्षर माझं होतं. सही केली. काकींनी पोचपावती हातात घेऊन उलटसुलट बघितली आणि देव्हाऱ्यात ठेवली.

ऑफिसात डिचोलीचा एक सहकारी आहे. त्याला मी फुशारकीने सांगितलं की मला ९० दिवस आहेत. तो हसला. त्याच्याकडे गोव्याचा १९६८ चा इमारत भाडे व निष्कासन नियंत्रण कायदा. तिथे तीन महिन्यांचं भाडं थकलं आणि रजिस्टर नोटीस मिळाल्यापासून ३० दिवसांत चुकतं केलं नाही, तर निष्कासनाला तेवढं कारण पुरतं. म्हणजे मी रोज जी हद्द ओलांडत होतो तिच्या पलीकडे माझी मुदत तिसऱ्या हिश्शावर येत होती. त्या दिवशी घरी येताना दोडामार्गची पाटी दिसली तेव्हा महाराष्ट्र धर्म म्हणजे काय ते मला उमगलं.

याच सुमाराला मी पावतीचा विषय काढला. आजवर दिलेल्या भाड्याची एकही पावती माझ्याकडे नव्हती आणि कायद्याने ती मालकाने देणं सक्तीचं आहे, न देणं दंडाला पात्र आहे. काकींचा चेहरा पहिल्यांदाच कठोर झाला.

"पावती दिलंय काय तू उद्या कूळ जातलंस."

ही भीती मी कोकणात घरोघर पाहिली आहे आणि ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. १९४८ च्या कूळकायद्याखाली १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला आणि त्या दिवशी कसणारी कुळं जमिनीची मालक मानली गेली. काकींच्या सासऱ्यांची भातजमीन तशी गेली. ती ज्यांना मिळाली त्यांच्या दृष्टीने तो न्यायच होता आणि मला विचाराल तर होताच. पण काकींच्या घरात तेव्हापासून कोणी कोणाला सही करून कागद देत नाही. त्यात काकींचं माहेर डिचोलीकडचं. तिथे १९७५ च्या मुंडकार कायद्याने भाटकाराच्या जागेत राहणाऱ्या मुंडकाराला घरातून काढता येत नाही. दोन्ही बाजूंच्या आठवणी घेऊन ही बाई मला दोन खोल्या देऊन बसली होती. एका अर्थी माझ्यापेक्षा तिचंच धाडस मोठं.

मी समजूत घालायला गेलो. "काकी, कूळकायदा शेतजमिनीचा. घरभाड्याशी त्याचा संबंध नाही. आणि मुंडकार कायदा गोव्याचा, शिवाय त्यातसुद्धा जो घराचं भाडं देतो तो मुंडकार धरत नाहीत."

काकींनी माझ्याकडे शांतपणे पाहिलं. "तू खय देतंस?"

यावर कोणत्याही अधिनियमात उत्तर नाही.

दिवस सरत आले. दर महिन्याला पाच तारीख येत होती, थकबाकी वाढत होती आणि कंपनी "पुढच्या आठवड्यात" या तारखेवर ठाम होती. काकींच्या वागण्यात मात्र फरक नव्हता. आमटी जास्त झाली की वाटी येत होती, सोलकढी येत होती. एकदा मीच विचारलं, नोटीस दिलेल्या माणसाला जेवण कशाला? त्या म्हणाल्या, "नोटीस घराची हा, पोटाची नाय." मग सुस्कारा टाकून, "तुज्यापेक्षा हत्ती बरो. खाता आणि आपणहून जाता तरी."

मुदत संपायला आली तेव्हा काकींनी सावंतवाडीच्या वकिलांकडे जायचं ठरवलं. एकट्याने एसटीत चढणं ढोपरांमुळे अवघड, म्हणून सोबत मी. कागदपत्रांची पिशवी माझ्या मांडीवर. वकिलांनी नोटीस वाचली, मान डोलावली. "मसुदा छान आहे. कोणी केला?"

काकींनी माझ्याकडे बोट दाखवलं.

"आणि हा भाडेकरू कुठे असतो?"

काकींचं बोट होतं तिथेच राहिलं.

वकिलांनी पेन खाली ठेवलं. बऱ्याच वेळाने, आवाज सावरून, त्यांनी मला विचारलं, "कायदा सगळा वाचलात?" मी म्हटलं, कलमं सगळी. "अनुसूची?" ती शेवटी बारीक अक्षरात होती, ती सोडली होती. तर हा कायदा राज्यातल्या प्रत्येक वाडीला सरसकट लागत नाही. अनुसूचीत जी क्षेत्रं आहेत तिथे लागतो. आधी यादीत आपलं ठिकाण शोधायचं आणि मग पंधरावं कलम मिरवायचं. जिथे तो लागत नाही तिथे मालमत्ता हस्तांतरणाचा १८८२ चा कायदा. महिन्याच्या बोलीवर राहणाऱ्याची भाडेदारी त्यात १५ दिवसांच्या नोटिशीने संपवता येते. भाडं थकल्याच्या कारणावरून दावा असेल तर सुनावणीत थकबाकी, व्याज आणि खर्च भरणाऱ्याला कोर्ट सवलत देऊ शकतं, पण देईलच असं नाही.

काकी ताठ बसल्या. "पंधरा दिसांत जाता? मगे माका नव्वद कित्याक लिवलंस रे?"

फसवणूक केल्याचा आरोप मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला, तोही माझ्याच अशिलाकडून.

वकिलांनी तिथेच काकींनाही गार केलं. कायदा कोणताही लागो, भाडेकरूचं सामान बाहेर टाकायचं नाही, कुलूप बदलायचं नाही. कायदेशीर मार्गाशिवाय ताबा काढून घेतला तर १९६३ च्या विशिष्ट साहाय्य अधिनियमाच्या सहाव्या कलमाखाली सहा महिन्यांच्या आत दावा करून तो माणूस पुन्हा आत येऊ शकतो. आपण मालक आहोत हा बचाव तिथे चालत नाही. आणि भाडे नियंत्रण कायदा लागू असेल, तर भाड्याचा करार लेखी करून नोंदवणं ही ५५ व्या कलमाने मालकाची जबाबदारी. तो नसेल तर अटी काय ठरल्या होत्या याबद्दल, उलट सिद्ध होईपर्यंत, भाडेकरूचंच म्हणणं धरतात. मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

हे ऐकताना मी खुर्चीत मागे रेलून बसणार होतो. पण काकींनी माझा हात धरला. "माका जेलात घालतले? सांग मा तेंका, तू बरो लिवतंस."

झालं. मी वकिलांशी काकींच्या बाजूने वाद घालायला लागलो. म्हातारं माणूस आहे, भाडं रास्त आहे, वर्षानुवर्षं वाढवलेलं नाही, भाडेकरूच नालायक आहे. शेवटचा मुद्दा त्यांनी लगेच मान्य केला. फी मी दिली, कारण काकींकडे पैसे नव्हते, कारण भाडं आलं नव्हतं.

त्यानंतर एकदाचा पगार झाला, साचलेला सगळा. पाच महिन्यांचे साडेसतरा हजार मोजले. व्याज कोणी मागितलं नव्हतं, दावाही लागला नव्हता. पण वाचलेलं ज्ञान असं वाया कसं जाऊ द्यायचं? साडेतीन हजारांवर १५ टक्क्यांनी महिन्याचं व्याज ४३ रुपये ७५ पैसे. पहिलं भाडं पाच महिने थकलेलं, दुसरं चार, असं उतरत गेलं की एकूण ६५६ रुपये २५ पैसे. सगळं कागदावर मांडून मी काकींपुढे ठेवलं. काकींनी नोटा मोजल्या, पुन्हा मोजल्या.

"आनी हे पंचवीस पैशे?"

चार आण्याचं नाणं २०११ मध्येच चलनातून गेलं, हे मी सांगितलं. काकींनी ते नावावर मांडून ठेवायला सांगितलं.

वकिलांचा सल्ला होता की झालं गेलं विसरून आता अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्सचा करार करा, रीतसर नोंदवा. मसुद्याचा नमुना त्यांनी दिला. तो काकींना समजेल अशा मराठीत उतरवून काढायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. मी दोन रात्री बसलो. भाषा पुन्हा अंगात आली. मुद्रांक शुल्क भाड्याच्या पाव टक्का, तेवढं मी आनंदाने भरलं. अर्ध्यावर आलो तेव्हा ध्यानात आलं की मी काय लिहितो आहे. या करारावर सही केली की मी भाडेकरूच राहत नाही. पंधराव्या कलमाची ती नव्वद दिवसांची ढाल मला उरत नाही. मुदत संपली की जागा सोडायची. न सोडली तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे एक अर्ज गेला की पुरे. पावसाळाभर पाठ केलेले सगळे हक्क मी स्वतःच्या वळणदार अक्षरात एकेक करून परत करत होतो. पण वाक्यं इतकी चांगली जमत होती की थांबवेना.

सहीच्या आदल्या संध्याकाळी पडवीत बसून मी काकींना करार वाचून दाखवला. नावं, चतुःसीमा, भाडं, पाच तारीख, सबमीटर. काकी पापड लाटत "हूं, हूं" करत होत्या. मग मी शेवटचं कलम वाचलं : मुदत संपल्यावर जागा न सोडल्यास, प्रत्यक्ष ताबा देईपर्यंत ठरलेल्या रकमेच्या दुप्पट भरपाई द्यावी लागेल.

काकींचं लाटणं थांबलं.

"दुप्पट?"

"दुप्पट. कायद्याच्या चोविसाव्या कलमातच आहे."

काकींनी लाटणं पुन्हा फिरवायला घेतलं. "मगे मुदत सोपली म्हणान घाई करू नको हां. रव बापड्या, तुजाच घर हा."